गच्चीवरचं खाजण

फ्रीजमध्ये ताकाच्या दोन बाटल्या होत्या, कोथिंबिरीची एक जुडी, स्टीलचा एक डबा, डोळ्यांत घालायच्या औषधाची एक छोटी बाटली आणि खालच्या कप्प्यात अर्धं कापलेलं कलिंगड. मातीच्या बेचाळीस पिशव्या नव्हत्या. मी दार लावलं आणि पुन्हा उघडलं. फ्रीज व्यवस्थित चालू होता, आतला दिवा लागत होता, दाराला मीच चिकटवलेला थर्मामीटर चार अंश दाखवत होता. मी दौंडहून सकाळची पहिली एसटी पकडून चौफुला, न्हावरे करत शिक्रापूरला उतरले होते, खांद्यावर सॅक तशीच होती, आणि माझं घर वाटेतल्या न्हावऱ्याला असूनही मी तिथे न उतरता आधी इथे आले होते ते या पिशव्यांसाठी. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग हॉर्न देत उभी होती. त्या आवाजाने प्रयोगशाळेच्या काचा नेहमी बारीक थरथरतात. दोन महिन्यांत मी ते विसरले होते.

अनसाबाई मागच्या पडवीत माती चाळत बसल्या होत्या. त्या आमच्याच गावच्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते. शिरूर-दौंड भागातून शेतकऱ्यांच्या मातीचे जे नमुने येतात ते सावलीत वाळवायचे, लाकडी बत्त्याने कुटायचे, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचे, हे काम गेली नऊ वर्षं त्या करतात. "आली व्हय गं पोरी? दौंडाच्या उन्हानं पार करपून आलीस की," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मावशी, फ्रीजमधली माती कुठंय? त्यांनी चाळणी न थांबवता वर बोट केलं. "वाळत घातली न्हाई का. सरांनीच सांगितलं. तू गेलीस बुधवारी, आन् शुक्रवारी म्हणले, अनसाबाई, समदी वर न्या आन् वाळवा."

सर म्हणजे जालिंदर. ही प्रयोगशाळा त्याची आहे. बाहेरच्यांसमोर मी त्याला सर म्हणते, एरवी दादा.

जिना चढताना मी पायऱ्या मोजल्या, एकोणीस. माणूस घाबरला की काहीतरी मोजतो, निदान मी मोजते. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत वर्तमानपत्रांचे जाड थर ओळीने मांडलेले होते, सहा ओळी, प्रत्येकीत सात, शेवटच्या ओळीत चार. म्हणजे एकोणचाळीस. प्रत्येकावर गोणपाटाचा तुकडा झाकलेला, आणि प्रत्येकाशेजारी खड्याखाली दाबलेली माझी चिठ्ठी. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या, कारण शाई ओल्या मातीत पसरते. एक चिठ्ठी पिशवीच्या आत आणि एक बाहेर, दोन्हींवर खड्डा, खोली, तारीख. हे मला जालिंदरनेच शिकवलं होतं. मी बारावीत असताना तो आमच्या चोपण झालेल्या वावरातून माती न्यायला आला होता. उसाच्या सऱ्यांवर मिठासारखा पांढरा थर आला होता आणि आप्पा नुसते बांधावर उभे होते. जालिंदरने गिरमिटाची दांडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, फिरव, बघू किती जाते. दोन हात गेली. वर आलेली ओली माती त्याने अंगठा आणि बोटात दाबून तिची पट्टी काढली आणि स्वतःच्या नखाने मोजली. मोजणं ही इतकी साधी, अंगाची गोष्ट असू शकते हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढची सहा वर्षं मी जे शिकले ते त्या नखामुळे. आता त्या एकोणचाळीस गोणपाटांपैकी एकालाही मला हात लावावासा वाटेना. वाळलेली ती माती माझ्या दृष्टीने मेलेली होती. मी खाली उतरले.

ती माती इथली नव्हती. जानेवारीत मी कोकणात एका खाडीकाठच्या खाजणात अठरा दिवस होते. खाजण म्हणजे भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन, वर भाताचं एक पीक आणि खाली काळानिळा, लोण्यासारखा चिखल. तिथे चाळीस हेक्टर खोदून तळी करायचा एका कंपनीचा बेत होता आणि मातीचा नकाशा करायचं काम आमच्याकडे आलं होतं. अशा चिखलात लोखंड आणि गंधकाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. पाण्याखाली आहेत तोवर ते निरुपद्रवी असतात. चिखल वर काढला, ओलसर असतानाच त्याला हवा लागत राहिली, की काही आठवड्यांत त्याच कणांचं गंधकाम्ल होतं. मग तळ्यातला मासा जातो, शेजारचं भात जातं, ओढ्याचं पाणी तांबडं होतं. अडचण अशी की जागेवर मोजलं तर काहीच दिसत नाही. सामू, म्हणजे माती किती आंबट हे सांगणारा आकडा, जितका कमी तितकी आंबट, तो सातच्या आसपास येतो, अगदी मधोमध. मला तिथे बेचाळीस वेळा सहा पॉइंट सात ते सात पॉइंट दोनच्या मध्ये आकडे मिळाले. खरं काय ते कळायला प्रयोगशाळेत पेरॉक्साइड घालून पाहावं लागतं, आणि तोवर माती हवाबंद, थंड ठेवावी लागते; ती कोरडी वाळली तर आम्लही नीट होत नाही आणि त्या चाचणीलाही अर्थ उरत नाही. ज्यांच्या शेतात मी सतरा नंबरचा नमुना काढला ते म्हातारबाबा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून होते. मागे एकदा बांधाच्या डागडुजीला त्यांनी हाच खालचा चिखल वापरला होता, आणि त्या वर्षी बांधाच्या अंगाची सात गुंठे रोपं जळाली होती. हे त्यांनी पूर्वी दोन साहेबांना सांगितलं होतं, पण कुणी लिहून घेतलं नव्हतं. मी लिहून घेतलं. "लिवलंस ना बाय?" त्यांनी विचारलं होतं, आणि मी वही फिरवून त्यांना दाखवली होती, त्यांना वाचता येत नव्हतं तरी.

पेरॉक्साइड तेव्हा संपलेलं होतं. जालिंदर म्हणाला होता, मागवलंय, आलं की कळवतो, तोवर तू दौंडला जा, कालव्याखालच्या चोपण जमिनींचं काम अडलंय. मी गेले. दौंडला स्टेशनजवळच्या खोलीत राहिले, रोज दहा-बारा नमुने काढले, आमच्या ओळखीची काळी माती, सामू साडेआठ, आम्लाचा थेंब टाकला की चुनखडी फसफसते. एक दिवसाआड संध्याकाळी त्याचा फोन यायचा. जेवलीस का, ऊन फार आहे, टोपी घाल, मोटरसायकलवाल्याच्या मागे बसताना सॅक पुढे घे. त्या एकसष्ट दिवसांत मी निदान सहा वेळा विचारलं होतं, दादा, फ्रीज नीट चाललाय ना? आणि तो म्हणाला होता, एकदम नीट चाललाय. आता मी त्याची सगळी वाक्यं एकेक करून उचलून पाहत होते आणि त्यात एकही खोटं सापडत नव्हतं. फ्रीज नीटच चालला होता. पेरॉक्साइड आलं का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, तू आधी तिकडचं उरक. मी कपाट उघडलं. पेरॉक्साइडची बाटली वरच्या फळीवर उभी होती, सील न तोडलेली, अंगावर आवक तारखेचं लेबल आणि जालिंदरची सही. मी दौंडला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती आली होती. शुक्रवारी त्याने माती वाळवायला सांगितली होती.

अहवाल मला कॉम्प्युटरवर सापडला. मागच्या शुक्रवारी गेला होता. नकाशा मीच आखलेला होता, खाडीची वळणं, बांध, चौदा खड्ड्यांचे चौदा ठिपके, कंपनीच्या चाळीस हेक्टरांची सीमा. मी तो रंगवायचा बाकी ठेवला होता. आता तो पूर्ण रंगलेला होता, एकच फिकट हिरवा, आणि कोपऱ्यातल्या खुलाशात त्या हिरव्यासमोर लिहिलं होतं, आम्लतेचा धोका आढळला नाही. तक्त्यात माझे बेचाळीस आकडे होते. मी ते वहीशी ताडून पाहिले, बोट ठेवून, दोनदा. एकही बदललेला नव्हता. शेवटचं पान उलटलं तेव्हा सर्वेक्षक म्हणून माझं नाव होतं, पदवीसकट. म्हातारबाबांचं वाक्य कुठेच नव्हतं. मला वाटलं होतं की फसवणूक झाल्यावर माणसाला राग येतो. मला आधी लाज वाटली, कुणीतरी माझे कपडे घालून कुणाच्या तरी घरी जाऊन आल्यासारखी, आणि त्या घरच्या लोकांनी त्याला मी समजून पाणी दिल्यासारखी. खाडीकाठच्या त्या तालुक्याच्या समितीची बैठक येत्या गुरुवारी होती. तिने मान्यता दिली की पावसाळा संपताच खोदाई.

जालिंदर दहाच्या सुमाराला आला. त्याची मोटरसायकल मी आवाजावरून ओळखते. आत येऊन त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या स्क्रीनकडे.

"चहा घेतलास?" त्याने विचारलं.

"वाळवायला का सांगितलंस?"

"सगळीच माती आपण वाळवतो."

"ही वाळवायची नसते. तुला माहिती आहे."

तो खुर्चीत बसला. त्याच्या कानावर पेन्सिल होती, नेहमीसारखी. "एक आकडा दाखव मला चुकीचा," तो म्हणाला. "एक. आत्ता खोडतो."

"आकडे बरोबर आहेत."

"मग?"

"अर्धेच आहेत. दुसरी चाचणी केलेलीच नाही, आणि आता करता यायची नाही. बाटली कपाटात आहे, दादा. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आली होती."

त्याने कपाटाकडे पाहिलं. मग वेगळ्याच, जरा खालच्या आवाजात बोलला. "तू चाचणी केली असतीस तर तो नकाशा लाल झाला असता. लाल झाला की ते दुसऱ्याकडून हिरवा करून घेणार. तो दुसरा खड्डेसुद्धा खणणार नाही, इथे बसून आकडे टाकेल. निदान आपले आकडे खरे आहेत. आणि पुढची तीन खाड्यांची कामं आपल्याकडे येतात. तुझ्यासाठीच म्हणतोय मी, इथं जन्मभर उसाची माती तपासत बसणार आहेस का?"

"माझं नाव आहे खाली."

"मग काय, माझं टाकू? तिथं तूच गेली होतीस ना." तो हसला, आणि ते हसणं मला इतकं ओळखीचं होतं की क्षणभर मीही हसेन असं वाटलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी त्याने मला इनामगावला नेलं होतं. घोड नदीच्या काठाची दरड दाखवत तो म्हणाला होता, डोळे मीट आणि हात लाव, बघ किती थर लागतात. राखेचा थर बोटांना पिठासारखा लागायचा, जळक्या मातीचा खरखरीत. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथे चूल सारवली होती आणि तिचा थर अजून दरडीत होता. मी पाच थर सांगितले. तो म्हणाला, सहा. आम्ही दोघांनी पुन्हा हात लावला आणि सहाच होते, आणि माझं चुकलं याचा मला तेव्हा आनंद झाला होता, कारण कुणीतरी माझ्यापेक्षा नेमकं आहे या गोष्टीचा तेव्हा मला आधार वाटायचा. मी विचार करत होते की त्या दिवशी पाचच असते आणि तो सहा म्हणाला असता, तर मी सहा मोजले असते का.

"मी समितीला पत्र लिहिणार आहे," मी म्हणाले.

"लिही. पुरावा मागतील. काय देशील? वाळलेली माती?" त्याने हे दुष्टपणे विचारलं नाही. विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं. "दोन महिने उघड्यावर पडलेल्या नमुन्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, प्रतिभा. हे तूच मला सांगितलं असतंस."

तो बरोबर होता. मी सॅक उचलली. माझी वही, माझी टोपी, माझं गिरमिट कोपऱ्यात उभं होतं ते घेतलं. मग वाटलं की निदान चिठ्ठ्या तरी घेऊन जाव्यात, माझ्या हाताने लिहिलेल्या आहेत, कुणाच्या पायाखाली यायला नकोत. मी पुन्हा गच्चीवर गेले. आता ऊन टाकीच्या सावलीपर्यंत पोचलं होतं. पहिल्या ओळीतली चिठ्ठी काढताना माझा हात गोणपाटाला लागला आणि मी तो मागे घेतला. गोणपाट ओलं होतं. दुसरंही. तिसरंही. मी सतरा नंबरचं गोणपाट उचललं. खाली माती विटेसारखी वाळलेली असेल असं मी धरून चालले होते. ती ओलसर होती, चिखलाच्या जाड वड्या, आणि त्यांच्या भेगांत फिकट पिवळे ठिपके उमटले होते. वर्तमानपत्राचा वरचा थर तपकिरी होऊन भोकं पडली होती. जानेवारीत मी या चिखलाकडे भिंगातून पाहिलं होतं तेव्हा त्यात पिवळं काहीच नव्हतं.

"मावशी!" मी कठड्यावरून हाक मारली. "वर या जरा."

अनसाबाई धापा टाकत वर आल्या. "काय झालं गं? सर वरडले का?"

"हिच्यावर पाणी कुणी मारलं?"

त्यांचा चेहरा उतरला. "मीच मारलं. आता तू बी वरडणार का? अगं, ह्यो चिखल वाळला आन् दगड झाला. बत्ता घातला तर बत्ता उडाला. आपल्या काळ्या मातीचं ढेकूळ कसं, पाणी शिंपडलं की आपसूक इरघळतंय, मग पुन्यांदा वाळवायचं आन् कुटायचं. मी म्हणलं, तसंच करू. पर ही माती काय इरघळंना. मग म्या रोज शिंपडत गेले. वरनं गोणपाट भिजवून टाकायचं. आज इरघळंल, उद्या इरघळंल."

"रोज?"

"रोज म्हंजी हजेरीच्या दिवशी. ऐतवारी कशाला यीन मी? शनवारी जरा जास्तीचं शिंपडायची. आन् यात्रेला दोन खाडं झालं. सरांना न्हाई सांगितलं, म्हणतील एवढी नऊ वरसं झाली अजून माती वाळवता येईना. ते काय वर येत न्हाईत." त्यांनी पदराला हात पुसले. "आन् हळद कुणी सांडली म्हणायची? मी न्हाई सांडली. हाताला लिंबू लागल्यावानी चरचरतंय बग, भेगांत. तीन ढीग तर फेकूनच दिलं म्या, अंडं नासल्यावानी वास."

मी त्यांचे हात पाहिले. बोटांच्या भेगा लाल झाल्या होत्या. मी त्यांना खाली नेऊन सोड्याच्या पाण्यात हात बुडवायला लावले आणि त्या बसल्या असताना हजेरीचं रजिस्टर काढलं. त्या शुक्रवारपासून आजपर्यंत साठ दिवस. नऊ रविवार आणि दोन खाडे वजा जाता, आजची धरून एकोणपन्नास सह्या, सगळ्या सारख्याच वाकड्या. असल्या मातीची एक जुनी, सावकाश चाचणी आहे. नमुन्याचा पातळ थर उघड्यावर ओलसर ठेवायचा, निदान आठ आठवडे, आणि मग सामू मोजायचा; तो चारच्या खाली उतरला तर धोका सिद्ध होतो. कुठलं रसायन लागत नाही. फार वेळ लागतो म्हणून आम्ही ती पुस्तकात वाचून सोडून दिली होती. आठ आठवडे म्हणजे छप्पन दिवस.

"मावशी, तुम्ही काय केलंत ते लिहून देते, खाली सही कराल?"

"कामावरनं काढतील व्हय मला?"

माहीत नाही, असं मी खरं ते सांगितलं. त्यांनी पाण्यातले हात उलटे करून पाहिले. "म्या काय चोरी केली का?" त्या म्हणाल्या. "पाणी मारलं तर मारलं. लिही."

मी समितीला पत्र लिहिलं, एक पान. त्यात नमुने कुणी वाळवायला सांगितले ते लिहिलं, कधी, आणि त्यावर पाणी कसं पडत गेलं ते. तीन नमुने टाकले गेले हेही. म्हातारबाबांच्या सात गुंठ्यांबद्दल वहीतलं होतं तसंच उतरवलं. अनसाबाईंनी सही केली आणि कागदावर ओलं बोट उमटलं. आकड्याची जागा मी मोकळी ठेवली. मग सामूमापक सुरू केलं. आमच्या प्रयोगशाळेत ते नेहमी सात आणि नऊच्या द्रावणांवर जुळवतात, कारण इकडची माती सातच्या खाली कधी जात नाही. चारच्या द्रावणाची बाटली मी खालच्या खणातून काढली. तिचं झाकण कुणी कधी उघडलेलं नव्हतं. मुदत तपासली, अजून सात महिने होती. चारवर जुळवलं, सातवर जुळवलं, पुन्हा चारवर. तीन बीकरांत प्रत्येकी गच्चीवरून आणलेली सतरा नंबरची वीस ग्रॅम माती, पन्नास मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, काचेच्या कांडीने ढवळून अर्धा तास.

जालिंदर दारात येऊन उभा होता, कधीपासून ते मला कळलं नाही. अनसाबाई खाली येईपर्यंत त्याला गच्चीवरच्या पाण्याचं काही माहीत नव्हतं आणि आता सगळं माहीत होतं, ते त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. पेन्सिल त्याने कानावरून काढून हातात घेतली होती.

"मोजू नकोस," तो म्हणाला. "मोजलंस की लिहावं लागेल. तू न लिहिता राहणार नाहीस, मला माहितीय. मीच शिकवलंय."

"हो," मी म्हणाले.

"हे बंद पडेल सगळं, प्रतिभा."

मी घड्याळाकडे पाहिलं. अजून चार मिनिटं होती. त्या चार मिनिटांत तो दारातून हलला नाही आणि मी खुर्चीतून उठले नाही. बाहेर एक ट्रक बराच वेळ मागे घेत होता आणि त्याचा इशाऱ्याचा आवाज एकसारखा येत होता. मला वाटत होतं की तो पुढे येऊन बीकर उलथवेल, आणि त्याने तसं करावं असंही कुठेतरी वाटत होतं, म्हणजे मग तो मला पूर्णपणे कळला असता. तो तिथेच उभा राहिला. अर्धा तास झाला. मी कांडी बाहेर काढली, मापकाचं टोक धुऊन टिपकागदाने टिपलं आणि पाण्यात सोडलं. आकडा उतरत गेला, मध्ये थोडा रेंगाळला, पुन्हा उतरला आणि थांबला. मी तिन्ही बीकरांत मोजलं आणि पत्रातल्या मोकळ्या जागेत लिहिलं.

नमुना क्रमांक १७. खोली ७० ते १०० सेंटिमीटर. जागेवरचा सामू ६.९. उघड्यावर ओलसर ठेवल्यानंतर साठाव्या दिवशी, तीन मोजण्यांची सरासरी, २.७.